अंगणवाडीत नवं मूल रुळवताना: गृहभेटीपासून पहिल्या पालकसभेपर्यंत

तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा अंगणवाडीत येतं तेव्हा बहुतेक ठिकाणी क्रमच उलटा लागतो. आधी आधार कार्ड, वजन-उंची आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची नोंद. मग दारातून मुलाला आत ओढून घ्यायचं आणि आईला सांगायचं, "तुम्ही निघा हो, रडून रडून होईल गप्प." घरच्यांशी धड बोलणं होतं ते महिनाभरानं, तेही काहीतरी तक्रार निघाली म्हणून. तोवर आई धास्तावलेली असते, आजी म्हणते "लहान आहे अजून, राहू दे घरी", आणि हजेरीपटावर त्या नावापुढे गैरहजेरीच जास्त दिसते.

मूल रुळतं ते घरच्यांचा विश्वास बसल्यावर. म्हणून खालचे टप्पे घरापासून सुरू होतात. ते सेविका आणि मदतनीस यांच्यासाठी लिहिले आहेत, खासगी बालवाडीतल्या ताईंनाही जवळपास तसेच लागू पडतील. वेळ कमी असेल तर टप्पा छोटा करा, पण गाळू नका आणि क्रम बदलू नका.

टप्पा १: मूल येण्याआधीची तयारी

सगळी नवी मुलं एकाच दिवशी बोलावू नका. एक रडलं की दुसरं रडतं, आणि जवळ घ्यायला माणसं दोनच. नवी मुलं आठ-दहा असतील तर आठवड्याला तीन किंवा चार, असे वार वाटून द्या आणि घरच्यांना कारण सांगा. "तुमच्या मुलाकडे नीट लक्ष देता यावं म्हणून" हे ऐकल्यावर सहसा कोणी नाराज होत नाही.

प्रत्येक नव्या मुलामागे एक मोठं माणूस ठरवा, सेविका किंवा मदतनीस. सकाळी दाराशी त्याला घेणारं, शूला नेणारं आणि जेवताना शेजारी बसणारं माणूस पहिले काही दिवस तेच हवं. पुष्कळ मुलांना मदतनीस ताईंचाच लळा आधी लागतो. तसं झालं तर ते चालू द्या आणि स्वयंपाकाची वेळ थोडी मागेपुढे करा. मूल कुणाला बिलगतं यात मानापमान आणू नका.

खोलीत घरासारखा एक कोपरा करा: रिकामे डबे, झाकणं, पळी, जुनी ओढणी, बाहुली, छोटी चटई. सगळं मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. महागडी खेळणी कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा चार डबे खाली ठेवलेले बरे.

संडासाची जागा आपण स्वतः आत जाऊन पाहा. अंधार आहे का, कडी आतून लागून अडकते का, पाण्याचा डबा मुलाला उचलतो का? अंगणवाडीला जायचं नाही म्हणणाऱ्या मुलाचं खरं कारण कित्येकदा इथं सापडतं.

इशारा: चिंचोके, मणी, हरभरे यांचे खेळ नव्या मुलांसाठी पहिल्या दिवसापासून बाहेर काढू नका. ते तोंडात, नाकात जातात. मूल कसं खेळतं हे समजेपर्यंत मोठे दगडगोटे, बाटल्यांची मोठी बुचं आणि मक्याची कणसं वापरा.

टप्पा २: कागदपत्रं

हा टप्पा लवकर उरका, आणि मूल समोर रडत असताना तर अजिबात करू नका. नेहमीच्या नोंदीखेरीज चार गोष्टी विचारून वहीत लिहा. झटके, दमा, खाण्याची ॲलर्जी किंवा रोजचं औषध आहे का? मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं, आणि कोणाच्या हाती मुळीच द्यायचं नाही? लागतील असे दोन फोन नंबर कोणते? आणि फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेला चालेल का?

एक गोष्ट याच वेळी स्पष्ट करा. तीन वर्षांपर्यंत मुलाला घरपोच आहाराची पाकिटं मिळत होती. तीन पूर्ण झाल्यावर ती बंद होतात आणि मुलानं केंद्रात येऊन नाश्ता आणि गरम ताजा आहार घ्यायचा असतो. हे आधी सांगितलं नाही तर घरच्यांना वाटतं, ताईंनी आमचं पाकीट बंद केलं. मग मूल आणि माया दोन्ही दारातच थांबतात.

टप्पा ३: गृहभेट

मूल केंद्रात पाऊल ठेवण्याआधी तुम्ही त्याच्या घरी जाऊन यायला हवं. याला दुसरा पर्याय मला तरी माहीत नाही.

वेळ त्यांच्या सोयीची धरा. जून-जुलैत पेरणी आणि भाताची लावणी असते, सकाळी दहाला घरात म्हातारी आणि कोंबड्याच सापडतात. संध्याकाळ किंवा आठवडी बाजाराचा दिवस विचारून घ्या. अचानक जाऊन उभ्या राहू नका. आदल्या दिवशी निरोप पाठवा, म्हणजे घर आवरलं नाही म्हणून आई संकोचणार नाही. अर्धा तास पुरे.

जाताना रजिस्टर उघडं धरू नका. वजनकाटा तर नकोच. तपासणीला माणूस आलं असं वाटलं की बोलणं तिथंच संपतं. घरच्यांनी जिथं बसवलं तिथं बसा, चहा दिला तर घ्या.

मुलाशी लगेच बोलायला जाऊ नका. "नाव काय तुझं? कविता म्हणून दाखव बरं" हे पहिल्या भेटीत टाळा. पिशवीतून एक चित्रांचं पुस्तक किंवा कणकेचा गोळा काढा, जमिनीवर ठेवा आणि आईशी बोलत राहा. मूल आधी आईच्या साडीआडून पाहील. मग एक बोट लावेल, मागे पळेल, परत येईल. गोळा चपटा झाला की तुमच्याकडे बघेल. तेव्हा तुम्हीही एक छोटा गोळा चपटा करा, काही न बोलता. ओळख झाली.

घरच्यांना हे विचारा:

१. घरात लाडानं काय म्हणता?
२. रडू लागलं तर कशानं गप्प होतं? कुशीत घेऊन, पाणी पाजून, की थोडा वेळ एकटं सोडून?
३. शू-शीसाठी कोणता शब्द वापरतं? आधी सांगतं का?
४. झोपताना काय लागतं?
५. काय खात नाही? हातानं खातं की भरवावं लागतं?
६. कशाला घाबरतं?
७. दिवसातला जास्त वेळ कोणाजवळ असतं?
८. घरात कोणती भाषा बोलता?

शेवटच्या प्रश्नावर थांबा. धुळे-नंदुरबारकडे अहिराणी, पावरी, भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, माडिया, पालघर-रायगडात वारली, कातकरी. मुलाला तुमची मराठी कळत नसेल तर ते गप्प राहील, आणि तुम्ही "लाजाळू" किंवा "मंद" असं लिहून मोकळ्या व्हाल. घरचे पाच-दहा शब्द तरी टिपून घ्या: पाणी, भूक, शू, दुखतंय, आई, घरी जायचं. मूल "माले पानी दे" म्हणालं तर आधी पाणी द्या. "माले नाही, मला म्हण" ही दुरुस्ती पहिल्या महिन्यात मुळीच नको. आधी मुलाला कळू द्या की इथं आपलं बोलणं समजतं. मराठी त्यावरच चढते.

निघण्याआधी एक प्रश्न घरच्या सगळ्यांना विचारा: "तुम्हाला काय वाटतं, हिनं आमच्याकडे येऊन काय शिकावं?" उत्तर बहुधा "लिहायला-वाचायला" असं येईल. वाद घालू नका, वहीत लिहून घ्या. ते उत्तर पालकसभेत लागणार आहे. मुलाला पाठवायचं की नाही हे आजी ठरवत असेल तर आजीला नावानिशी, मानानं बोलावणं द्या: "आजी, पहिल्या दिवशी तुम्हीच घेऊन या."

नेहमीच्या चुका: घरातली अस्वच्छता पाहून तिथंच उपदेश करणं. शेजारच्या मुलाशी तुलना. "वजन कमी आहे हो हिचं" असं जावेसमोर बोलणं. आणि एका घरचं दुसऱ्या घरी सांगणं. गावात ही बातमी संध्याकाळपर्यंत फिरते, आणि नंतर तुम्हाला कोणी काही सांगत नाही.

पडताळा: घरी परतल्यावर मुलाचं लाडाचं नाव, शूचा शब्द आणि गप्प करण्याची रीत या तीन गोष्टी न पाहता सांगता येतात का? येत नसतील तर पुन्हा विचारा.

टप्पा ४: घरच्यांसकट पहिले दिवस

पहिले दोन दिवस मूल फक्त तासभर येईल आणि घरचं कोणीतरी सोबत बसेल. सोबतच्या माणसाला काम समजावून द्या, नाहीतर ते एकतर मुलाला ढकलत राहतं, "जा, खेळ ना", किंवा मोबाइल काढून बसतं. त्यांनी भिंतीशी एका जागी बसायचं आणि हलायचं नाही. मूल खेळायला गेलं तर जाऊ द्यायचं, परत आलं तर जवळ घ्यायचं. मूल दूर जाऊन मागे वळून पाहतं, माणूस आहे त्या जागी दिसलं की आणखी थोडं पुढे जातं. म्हणून ती जागा बदलायची नाही.

रोजंदारीवर जाणाऱ्या आईला हे जमत नाही, आणि तिला त्याबद्दल बोल लावू नका. आजी, आत्या, मोठी बहीण चालेल. तेही नसेल तर कामावर जाण्याआधी पंधरा मिनिटं चालतील, किंवा तिच्या सुट्टीच्या दिवसापासून सुरुवात करा. मात्र सोबत रोज तेच माणूस हवं.

या दोन दिवसांत हजेरी घेताना मुलाला उभं करू नका, गाणं म्हणायला लावू नका. आधीपासून येणाऱ्या एखाद्या शांत मुलाला शेजारी बसवा. बाकी खोलीतला दिनक्रम रोजच्यासारखाच चालू द्या: स्वागत, गाणी, मुक्त खेळ, हात धुणं, खाणं. क्रम रोज सारखा असला की पुढे काय होणार हे मुलाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळायला लागतं आणि भीती उतरते.

टप्पा ५: निरोप घेणं

सर्वात जास्त चुका इथं होतात.

मूल खेळात रमलं की आईला खुणेनं "जा" म्हणायचं आणि तिनं मागच्या मागे निघून जायचं, ही पद्धत सर्रास दिसते. त्या दिवसापुरती ती सोपी वाटते. पण मुलानं वर पाहिल्यावर आई नसते, आणि त्यातून ते एकच शिकतं: खेळायला लागलं की आई नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी ते खेळत नाही, पदर सोडत नाही, आणि घरीसुद्धा आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी उभं राहतं.

निरोप सांगूनच घ्यायचा. पद्धत अशी:

१. आईनं मुलाच्या उंचीला बसून सांगायचं, "मी जाते. तुझं जेवण झालं की येते." तीन वर्षांच्या मुलाला "बारा वाजता" कळत नाही, "जेवण झाल्यावर" कळतं.
२. एक ठरलेली खूण करायची: गालाला गाल, हातावर टाळी, काहीही. रोज तीच.
३. ठरवलेल्या ताईनं मुलाला हातात घ्यायचं आणि आईनं निघायचं. दारात रेंगाळायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही, पुन्हा आत यायचं नाही.
४. मूल रडेल. ताईनं त्याला जवळ धरून जे आहे ते म्हणायचं: "आई गेली म्हणून रडू येतंय. जेवण झालं की येणार आहे." गृहभेटीत समजलेली रीत आता वापरायची.
५. आईनं सांगितलेल्या वेळेच्या थोडं आधीच यायचं. पहिल्यांदा वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी तास, मग हळूहळू पूर्ण वेळ. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर सगळी मेहनत वाया जाते, हे आईला आधी सांगून ठेवा.

घरचं काही हातात हवं असेल, ओढणीचा तुकडा किंवा मळका रुमाल, तर ते राहू द्या. कोणी मागून घेऊ नका, धुवायला तर नेऊ नकाच. एक दिवस मूलच ते खिळ्याला अडकवून विसरून जातं.

इशारा: "रडलास तर आई येणारच नाही", "पोलीस येईल", "सुई टोचतील", "बघ, ती बाळं तुला हसतात" ही वाक्यं सेविका, मदतनीस, मोठी मुलं, कोणाच्याही तोंडून निघता कामा नयेत. मुलाला अंधाऱ्या खोलीत किंवा दाराबाहेर ठेवणं ही शिक्षा आहे, आणि तीन वर्षांच्या मुलाला शिक्षा होत नसते.

पडताळा: आई गेल्यावर मूल किती वेळ रडतं हे रोज वहीत मिनिटांत लिहा. आकडा कमी होत असेल तर सगळं ठीक आहे, मग दाराशी रडणं जोरात असलं तरी चालेल. दोन आठवड्यांनी आकडा हलला नसेल तर वेळ पुन्हा कमी करा, टप्पा ४ वर जा आणि घरी काही बदललंय का ते विचारा: नवं बाळ, आजारपण, बाप कामाला परगावी गेला.

टप्पा ६: मूल रुळलं हे कसं ओळखायचं

रडणं थांबलं म्हणजे रुळलं असं नाही. कोपऱ्यात हात घडी घालून निमूट बसणारं मूल सगळ्यांना आवडतं, आणि त्याच्याकडेच सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. रुळलेलं मूल केंद्रात खातं, शूला लागलं की सांगतं, काही नको असेल तर "नको" म्हणतं, दुसऱ्याचं खेळणं ओढतं, पडलं की ठरलेल्या ताईकडे धावतं. पहिल्यांदा भांडण केलं तर आनंद माना. बहुतेक मुलांना इथवर यायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना जास्त.

टप्पा ७: रोज दाराशी दोन वाक्यं

मूल घरी जाताना नेणाऱ्या माणसाला दोन वाक्यं सांगा, आणि ती नेमकी असू द्या. "छान होता आज" याला अर्थ नाही. "आज त्यानं स्वतःच्या हातानं खिचडी खाल्ली, आणि सईच्या शेजारी बसून बुचं रचली" हे ऐकून आजोबा घरी जाऊन चार जणांना सांगतात.

चावणं, मारणं, कपड्यात शू होणं या गोष्टी दाराशी इतरांसमोर कधीच सांगू नका. बाजूला घ्या, किंवा संध्याकाळी फोन करा. मूल ऐकत असताना त्याच्याबद्दल तक्रार करायची नाही, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा. आईनं तक्रार सुरू केली तरी, "आपण नंतर बोलू" म्हणा.

टप्पा ८: पहिली पालकसभा

सगळी नवी मुलं रुळली की सभा ठेवा, आधी नाही. ईसीसीई दिवस, म्हणजे अंगणवाडीतला बालशिक्षणाचा ठरलेला दिवस, जोडून आला तर उत्तम. वेळ तासाभराची. भाषण नको, सूचनांचं वाचन नको.

गृहभेटीत बहुतेकांनी "लिहायला शिकवा" असं सांगितलं होतं. त्याला तोंडी उत्तर देऊ नका, हातानं करून दाखवा. पालकांना मुलांच्या चटईवर बसवा. प्रत्येकाला कणकेचा गोळा आणि फाडायला जुना कागद द्या, आणि त्याच्या बारीक पट्ट्या करायला सांगा. मग विचारा, बोटं कुठं दुखली? लेखणी धरायला हीच बोटं लागतात. ज्या हातात अजून ताकद नाही त्याला पाटीवर "अ" गिरवायला लावला की मूल मूठ आवळून लिहायला शिकतं, आणि ती सवय पुढे सहज सुटत नाही.

घरी करायला वेगळं साहित्य लागत नाही हे सांगा: शेंगा सोलणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, धुतलेल्या कपड्यांतून बाबाचे आणि बाळाचे वेगळे काढणं, चपलांच्या जोड्या लावणं, झोपताना एक गोष्ट. एका सभेत एकच काम द्या. पाच दिली तर एकही होत नाही.

वडील येत नाहीत ही तक्रार सगळीकडे आहे. "पालकांनी उपस्थित राहावे" अशा निरोपाला ते येत नाहीत, कारण त्यांच्या लेखी पालक म्हणजे आई. त्यांना नावानं आणि कामानं बोलवा: "भाऊ, शनिवारी संध्याकाळी झोका बांधायचा आहे." झोका बांधता बांधता मुलाविषयी जेवढं बोलणं होतं तेवढं खुर्च्या मांडून होत नाही.

इशारा: वजनाचे आकडे, गैरहजेरी, कोणाचं मूल मागे, यातलं काहीही सभेत जाहीर करायचं नाही.

टप्पा ९: काळजी वाटणाऱ्या मुलाबद्दल बोलणं

नावानं हाक मारल्यावर वळत नाही, नजर देत नाही, तीन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, येत असलेलं बोलणं गमावलं, सारखं पडतं. असं काही दिसलं तर आधी दोन आठवडे वार आणि प्रसंग टाकून नोंद करा. घरची भाषा वेगळी आहे म्हणून गप्प आहे का, हे तपासा. मग आई-वडिलांना एकत्र, एकांतात बोलवा.

बोलण्याचा क्रम असा ठेवा: मूल काय छान करतं ते आधी, मग तुम्ही पाहिलेले दोन प्रसंग, मग प्रश्न: "घरी असं दिसतं का?" आणि ऐका. आजाराचं नाव तुम्ही घेऊ नका, ते डॉक्टरांचं काम. "मंद", "वेडं", "नॉर्मल नाही" हे शब्द तर नाहीतच. शेवटी एकच पुढची पायरी सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्याची तारीख सांगा, किंवा तोवर थांबणं बरं नसेल तर आशा ताईंना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. पहिली तपासणी कानांची करायला सांगा. ऐकू कमी येणारं मूल हट्टी समजलं जातं, हे फार वेळा घडतं.

घरचे चिडतील किंवा रडतील. त्या दिवशी पटवायच्या मागे लागू नका. आठवड्यानं पुन्हा भेटा.

मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर ती घरच्यांशी चर्चा करून मिटवायची गोष्ट नव्हे. पर्यवेक्षिकेला कळवा आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे.

टप्पा १०: खंड पडल्यावर

दिवाळीनंतर बीड आणि आसपासची पुष्कळ घरं ऊसतोडीला जातात, काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात. जाण्याआधी घरच्यांना सांगा की जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत मुलाला नेता येतं, आणि पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून द्या. गृहभेटीच्या वहीतलं पान, म्हणजे लाडाचं नाव, शूचा शब्द, गप्प करण्याची रीत आणि आजार, एका कागदावर उतरवून त्यांच्या हाती द्या. तिकडच्या ताईला पहिल्या दिवशी त्याचाच उपयोग होईल.

मूल मार्च-एप्रिलमध्ये परत आलं की "आधी येत होतंच की" म्हणून सरळ पूर्ण वेळ बसवू नका. पाच-सहा महिने हा त्याच्या वयात मोठा काळ असतो. टप्पा ४ पासून पुन्हा सुरू करा, या वेळी ते चार दिवसांत उरकेल. आजारपणानंतर किंवा घरात नवं बाळ आल्यावरही हेच करा. गृहभेट मात्र त्याही वेळी आधीच करा. घरात काय बदललं हे त्याशिवाय कळत नाही.